शिवू नका

आई, तुले वाचता येत नव्हतं, म्हणूनच मी हे लिहून राहिली. येत असतं तर माझी हिंमत झाली नसती. चौथीपर्यंतच्या शाळेच्या माझ्या मात्रा-वेलांट्या आता तपासणार तरी कोण? पोरगा हिंदी वाचतो, सून इंग्रजी वाचते, आणि नातीले मराठी समजते सगळी पण उत्तर अर्धं हिंदीत देते. तर ऐक. तुझी पणती धानाचं काम करते. पेरत नाही, निंदत नाही, कांडत नाही. धानाच्या पानाच्या आत जे निरोप फिरतात, ते धरून वाचते. हसू नको. मीही आधी हसलीच होती. तुले तर आता रायपूरच ओळखू यायचं नाही. तू गेलीस तेव्हा आपलं सगळं भोपाळहून चालायचं, आता रायपूरच राजधानी आहे, आणि तिच्या पुढं आणखी एक नवं शहर बांधलं आहे, रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. आम्ही गुढियारीचं घर सोडून तेलीबांधाच्या तलावापाशी राहतो, चौथ्या मजल्यावर. मालगाडीची शिट्टी ऐकू येत नाही म्हणून सुरवातीले मले झोपच लागत नव्हती. तर नातीची बस या तलावावरूनच तिकडं नव्या शहराकडं जाते, तिथं तिची प्रयोगशाळा आहे.

तिचं काम काय, ते तिनं मले मटर सोलता सोलता सांगितलं होतं, तेव्हापासून मी सगळ्यांले सांगत फिरते. एक मोठी सासू समज. ती आतल्या खोलीतून कधी बाहेर येत नाही. घरातल्या सगळ्या रीती तिच्यापाशी. सैपाकघरात काही करवून घ्यायचं असलं की ती निरोप धाडते, आज वरण कर, आज पोळ्या कर. हा निरोप म्हणजे आरएनए. तो पोचला की पदार्थ होते. पण त्यात काही इवलेइवले आरएनए असतात, ते काहीच करायले सांगत नाहीत. ते नुसते उंबऱ्यात उभे राहतात, मोठ्या निरोपाले धरतात आणि म्हणतात, गप. मग वरण होतच नाही. मी म्हटलं, हे तर आमच्या मधल्या जाऊबाईंचं काम. नात इतकी हसली की मटर सगळे फरशीवर. नंतर म्हणे तिनं हे तिच्या मोठ्या साहेबांसमोर भाषणातही सांगितलं, आणि आता तिथली पोट्टी त्या बारक्या आरएनएले जाऊबाईच म्हणतात. पावसानं दडी मारली की धान काही उठून दुसऱ्या गावी जात नाही, आई. ते आतल्या आतच स्वतःले सांगते की आता वाढू नको, लोंबी काढू नको, गप बस, जीव धर. कोणता बारका निरोप कोणत्या मोठ्या निरोपाले गप करते, हे शोधण्यात तिची सगळी उमर जाऊन राहिली. इथल्या कॉलेजात शिकली, मग हैदराबादले गेली, मग दोन हिवाळे परदेशात काढले, जिथं दुपारीच अंधार पडते, आणि परत आली. काहून आलीस, असं बापानं विचारलं तर म्हणे, पप्पा, मेरा धान तो यहीं है ना.

तलावाभोवती फिरायले येणाऱ्या बायांले मी सांगितलं की माझी नात डॉक्टर आहे पण आरएनएची. एक म्हणाली, अच्छा, वो कोरोना वाला, नाक में काडी डालने वाला? दुसरीनं सरळ लुगडं वर करून गुडघा दाखवला, दीदी, नातिन से पूछ के बताना, चढ़ते समय कटकट करता है. मी म्हटलं, तुझ्या गुडघ्यात धान उगवलं तर विचारीन. असा माझा आनंद आहे, आई. मी भल्ली मिरवते. पण खरं सांगू, या पावसाळ्यानंतर मिरवता मिरवता मले भीती वाटायले लागली होती, तेच सांगायले बसली आणि गुडघ्यावर गेली.

आधी दुसरी गोष्ट सांगते, तुझी. तुले आठवते का नाही, मले माहीत नाही. गुढियारीचं ते बुटकं सैपाकघर, बाबा मालधक्क्यावर गेलेले, आणि कोपऱ्यात पाटावर तुझी लोणच्याची बरणी, तोंडाले पांढरं फडकं बांधलेली. तुझं लोणचं अख्ख्या पाऱ्यात, घरोघर जायचं. छत्तीसगढी बाया वाट्या घेऊन यायच्या, बाई, थोरकन दे ना वो. मले नुकताच कावळा शिवायले लागला होता. मागच्या पडवीत मी पोत्यावर बसली होती. तू नळावर गेलेली, बारका भाऊ भातावर लोणचं पाहिजे म्हणून रडून राहिला, आणि मी उठून फडकं सोडलं आणि डावानं एक फोड काढून त्याले दिली. काही दिवसांनी बरणीत बुरशी आली. तू मले मारलं नाहीस. तू विचारलंस, शिवली होतीस काय? मी हो म्हटलं. मग बरणी उचलून रुळाच्या पलीकडं नेऊन रिकामी केलीस, आणि परत आल्यावर त्या वाटीवाल्या बायांच्या समोर म्हणालीस, "त्या दिवसांत तुझ्या हातात विष असते. शिवू नको म्हणजे शिवू नको."

मी तेव्हा माझा हात पाहिला होता. काहीच दिसलं नाही. पण दिसलं नाही म्हणून काय झालं, विष तसंही दिसत नाही. शाळाही त्याच वर्षी सुटली, महिन्यातून चार दिवस घरी बसणाऱ्या पोरीले मास्तर तरी किती वेळा उभी करतील. मात्र पाचव्या दिवशी न्हाऊन झाल्यावर तू मले सदर बाजारात नेलंस. कासारानं माझ्या हाताले तेल लावून, बोटं दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या, आणि सायकल रिक्षात घरी येईपर्यंत तू माझा दुसरा हात तुझ्या मुठीत धरून ठेवला होतास. मले आजपर्यंत कळलं नाही की तो हात तू कशाले धरला होतास, लाडानं की भीतीनं. तुझी सासू कशी होती ते मी पाहिलं आहे. बुरशीचं खापर माझ्यावर फुटलं नसतं तर तुझ्यावर फुटलं असतं, हेही मले कळते. पण कळून उशीर झाला, तू तर गेलीस.

आता पुढचं ऐक, हे तुले मुद्दाम सांगायचं आहे. मागच्या उन्हाळ्यात नात मले तिची प्रयोगशाळा दाखवायले घेऊन गेली. पायात कापडी पिशव्या, हातात रबरी मोजे, डोक्याले टोपी. मी म्हटलं, हे तर आमच्या आईच्या सोवळ्याहून कडक आहे बाप्पा. तिथं एक टेबल आहे, फक्त आरएनएसाठी. त्यावर कोणी डबा ठेवत नाही, पेन ठेवत नाही, रिकाम्या हातानं कोणी बाटली उचलत नाही. आणि त्याच्यावर भिंतीले तिनं मोठ्या अक्षरात कागद चिकटवला आहे: शिवू नका. हा शब्द तिनं माझ्याकडूनच उचलला, लहानपणी देवाच्या ताटाले हात लावायची तेव्हा मी म्हणायची. तिथले सगळे हिंदीवाले. एक नवा पोट्टा आला होता, तो म्हणे चार दिवस विचारत होता की ये शिवू नका कौन है, इनकी टेबल पे कोई काम क्यों नहीं करता, छुट्टी पे हैं क्या? त्याले वाटलं कोणी मद्रासी साहेब असतील.

मी नातीले विचारलं की बाई, इतकं सोवळं काहून? ती म्हणाली, आजी, आरएनए भल्ला नाजूक असते. माणसाच्या हाताच्या कातडीवर, घामात, थुंकीत एक चीज असते, ती आरएनएले कापून टाकते. एका बोटाचा धक्का लागला तरी सगळं काम मातीत. दिसत काहीच नाही. आई, मले तुझी बरणी आठवली. मी हळूच तिच्या कानाशी गेली, तिथं दोन पुरुष माणसं उभी होती ना.

"त्या दिवसांत?"

"नाही आजी. रोज."

"बायांच्या हाताले?"

"सबके हाथ में. पप्पांच्या, सरांच्या, तुझ्या, माझ्या. जो पैदा हुआ, उसके हाथ में."

मी तिले म्हटलं, परत सांग. तिनं परत सांगितलं. मग मी त्या टकल्या मोठ्या साहेबांकडं पाहिलं, ते बिचारे मले नमस्ते करायले हात जोडून उभे होते, आणि मले हसूच आवरेना. परतीच्या बसमध्ये मी खिडकीपाशी बसून आपले हात उलटेसुलटे करून पाहत होती. साठ वर्षं मी समजत होती की ते माझ्याच हातात आहे. घरी येऊन मी सुनेले सांगितलं, तलावावरच्या बायांले सांगितलं, भाजीवाल्यालेही सांगितलं. तो म्हणाला, हव दाई, हाथ धो के ही सब्जी देथंव. त्याले काय कळणार.

पण आरएनएले माझ्या आनंदाशी काय घेणं. पावसाळ्यानंतर नातीचं काम अडकलं. तिनं आपला शोध लिहून बाहेर धाडला होता, तिथल्या जाणत्यांनी म्हटलं, बरं आहे, पण ही गोष्ट परत एकदा करून दाखवा, नव्या पिकाच्या पानांवर, आणि या महिन्याच्या आत. त्यासाठी तिनं शेतात मांडव घालून धानाले मुद्दाम तहानलेलं ठेवलं होतं आणि पानं खुडून बर्फाहून थंड पेटीत जपून ठेवली होती. पहिल्यांदा केलं, आरएनए तुटलं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तुटलं. कोणी म्हणे पाणी खराब, कोणी म्हणे नवी बाटली खराब, कोणी म्हणे पेटीची बिजली मधात गेली असेल. तिनं पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, टेबल घासून काढलं. कारण काही सापडलं नाही. आणि पानं उरली एकाच वेळेपुरती. ती गेली तर पुढच्या खरिपापर्यंत थांबायचं, आणि तोपर्यंत परदेशात दुसरं कोणी हेच छापून मोकळं होईल, म्हणजे इतक्या वर्षांचं काम दुसऱ्याच्या नावावर. घरात तर वेगळंच चालू. माझ्या पोराले एका शाळेतून फोन आला होता, विज्ञान शिकवायले बाई पाहिजे म्हणून. तो जेवताना म्हणाला, हे शेवटचं. नाही झालं तर शाळा धर, बस हो गया, लोकांच्या पोरी घर-संसाराले लागल्या. नातीनं पोळीचे इतके बारीक तुकडे केले की चिमणीले टाकावे.

मग तो दिवस आला, परवाचाच. सकाळी मी तिचा डबा भरत होती. ती सैपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली, पोटाले हात लावून, तोंड उतरलेलं. म्हणे, आजी, गरम पाण्याची पिशवी कुठं आहे? मी काही न विचारताच समजली. आई, काय सांगू तुले. मले सगळं माहीत होतं. मी स्वतः त्या टेबलापाशी उभी राहून ऐकलं होतं, दोनदा ऐकलं होतं. तरी माझ्या घशात तू येऊन बसलीस. शेवटची पानं, आणि आजच. नको जाऊ, पोरी, चार दिवस थांब. हे इतकं जिभेवर आलं की मले त्याची चव लागली. महिना संपायले चार दिवसही नव्हते, हेही मले माहीत होतं. पोरगा पलीकडं चहा पिऊन राहिला होता, माझ्याकडं पाहत. नात म्हणाली, क्या हुआ आजी, बोल ना. मी म्हटलं, डब्यात मुनग्याची भाजी टाकली आहे, शेंगा चोखून खा, घाईनं नको. ती म्हणाली, बस इतकंच? मी म्हटलं, हव. आणि ती जिना उतरून गेली.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नको. मोजे तर ती घालतेच, मग हात कुणाचाही असो, लागतच नाही ना. हे मी स्वतःले समजावून सांगायची, आणि समजून झालं की पुन्हा भीती सुरू. तिनं मले सांगून ठेवलं होतं की फोनवर फोटो येईल. काळा फोटो. त्यात दोन पांढऱ्या, स्वच्छ आडव्या रेघा दिसल्या तर आरएनए धड आहे. खालपर्यंत धुरासारखा फराटा दिसला तर तुटलं. आधीचे दोन्ही फराटे मी पाहिले होते, ओल्या बोटानं पाटीवरचा खडू पुसावा तसे. मी फोन पोळपाटाच्या बाजूले ठेवून पोळ्या लाटल्या. बँकेचा निरोप आला, सिलिंडरचा आला, तलावावरच्या बाईनं गुलाबाचं फूल धाडलं आणि खाली सुप्रभात, दुपारी. मी तिले मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. देवापाशी बसली तर काय मागावं तेच सुचेना. यश दे म्हटलं तरी भीती, कारण मले वाटत होतं की खरी भीती मी बोललीच नाही आणि देवाले ती ऐकू गेली आहे. मग मले असंही वाटलं की आज जर ते तुटलं, तर मी काय समजीन? पाणी खराब होतं, असं समजीन का? नाही. मी तेच समजीन. तू म्हणाली होतीस तेच. आणि मग त्या पोरीच्या तोंडाकडं मी पुन्हा कशी पाहीन? तेव्हा कळलं की पोरीची नोकरी तर होतीच पणाले, पण मीही सगळी त्याच थंड पेटीत बसली होती.

दिवे लागायच्या आधी फोटो आला. चष्मा सापडेना, तर मी फोन हात लांब करून धरला. दोन रेघा. सरळ, पांढऱ्या, कोणी मोगऱ्याच्या दोन माळा काळ्या लुगड्यावर ठेवाव्या तशा. मी सुनेले दाखवून खात्री केली, मग पोराले दाखवलं. त्यानं फोटो बोटानं मोठा करून पाहिला आणि म्हणाला, याचा मतलब झालं? मी म्हटलं, हा मतलब तांदूळ धुऊन झाले, भात शिजायचा आहे. अजून त्या आरएनएले मोजायचं, जाऊबाईंनी किती निरोप गप केले ते पाहायचं, लिहायचं, धाडायचं. अजून काहीही होऊ शकते. पण त्या रात्री जेवताना त्यानं शाळेचं नाव काढलं नाही.

आणि आता जे सांगायचं ते. नात घरी आली तेव्हा तिच्या हातात गरम जिलेबीचा द्रोण होता, पाक टपकत होता. जोडे काढायच्या आधीच ती धावत माझ्याकडं आली, एक जिलेबी उचलली आणि माझ्यापुढं धरली. आजी, आ कर. आणि मी म्हटलं, "खाली ठेव बेटा, ओट्यावर. मी घेते." आई, मी ठरवून नाही म्हटलं. ते आपोआप तोंडातून निघालं, हातातून हातात नको म्हणून, जसं तू मले त्या दिवसांत पोळी वरून टाकायचीस. पोरीनं जिलेबी ओट्यावर ठेवली आणि हसायले लागली. म्हणे, मम्मी, देखो, आजी अब लैब वाली हो गई, बिना दस्ताने के कुछ लेती ही नहीं. सगळे हसले. मीही हसली, आणि ओट्यावरची जिलेबी उचलून खाल्ली. गोड होती.

तिले वाटते मी तिच्याकडून शिकली. मी तिले तसंच वाटू दिलं. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, आणि तिच्या हाती लागणार नाही असं ठेवीन, कारण तिले मराठी वाचता येते, हे मी सुरवातीले विसरूनच गेली होती. आज तिचा तिसरा दिवस आहे. दोन वेळा ती मले चहा विचारून गेली, दोन्ही वेळा मी नंतर म्हटलं. पाचव्या दिवसानंतर तिच्या हातचा मागितला तर त्याले काही अर्थ नाही, हे मले समजते. ती आता सैपाकघरातच आहे, कपबशा वाजून राहिल्या आहेत. मी अजून हाक मारली नाही.